रक्तात औषध उतरलं किती?

मेथोट्रेक्सेटचं सलाईन पिवळंधमक असतं. लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात ते ओळखायला लेबल वाचावं लागत नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या अनेक उपचारक्रमांत हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ ग्रॅम या हिशेबानं चोवीस तास शिरेतून चढवलं जातं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते साधारण पाच ग्रॅम होतं. डोस इतका जबरदस्त, की उतारा दिला नाही तर कॅन्सरच्या पेशींबरोबर मुलाचाही जीव जाईल. म्हणून सलाईन सुरू झाल्यापासून बेचाळिसाव्या तासाला ल्यूकोव्होरिन नावाचं उताऱ्याचं औषध चालू करतात. वॉर्डात त्याला ‘रेस्क्यू’ म्हणतात. त्याच सुमारास नर्स रक्त काढून नेते आणि मग खाटेशी बसलेल्या आईचा दर तासाला एकच प्रश्न असतो: लेव्हल आली का?

पुढचं सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. ४८ तासांनी रक्तात मेथोट्रेक्सेट ०.४ मायक्रोमोलच्या आत आलं, तर ठरल्याप्रमाणे उतारा चालू ठेवायचा. जास्त असलं तर उताऱ्याचा डोस वाढतो, सलाईन वाढतं, सोडा-बायकार्ब वाढतो, लघवीच्या प्रत्येक वेळी पट्टी बुडवून ती अल्कधर्मी आहे ना हे बघितलं जातं. सेप्ट्रान, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्या यांनी औषध मूत्रपिंडातून बाहेर पडायला उशीर लागतो, म्हणून ती आधीच बंद केलेली असतात. आकडा पुरेसा खाली आल्याशिवाय घरी सोडत नाहीत.

ही काळजी अनुभवातून आली. १९७७ मध्ये अमेरिकेत मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ४९८ रुग्णांपैकी २९ जण कॅन्सरनं नव्हे, तर औषधानं दगावल्याचं दिसलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधनानं दाखवून दिलं, की ४८ तासांनी रक्तातली पातळी मोजली तर धोका कोणाला आहे हे आधीच कळतं आणि उतारा वाढवून तो टाळता येतो. तेव्हापासून हे औषध मोठ्या डोसमध्ये देताना त्याची पातळी मोजणं हा उपचाराचाच भाग मानला जातो.

मग बाकीच्या औषधांचं काय? विशेषतः गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेल्या, कॅन्सरच्या पेशीतला नेमका बिघाड हेरून तिथेच काम करणाऱ्या गोळ्यांचं? त्या मुलं घरी घेतात, रोज घेतात, काही वर्षं घेतात. त्यातलं रक्तात किती उतरलं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही. आणि मोजायला हवं.

डोस ठरतो कसा, ते आधी पाहू. या कहाणीच्या मुळाशी एक तेलुगू माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या गटानं फॉलिक अ‍ॅसिडसारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी रसायनं तयार केली. त्यातलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिलं. दहा मुलांमध्ये रोग मागे हटला. ही सुधारणा टिकाऊ नव्हती, पण बालपणीच्या या रोगावर औषधाचा इलाज चालू शकतो हे १९४८ मध्ये पहिल्यांदा सिद्ध झालं. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचंच भावंड.

पण किती द्यायचं? १९५८ मध्ये डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मांडलं, की कॅन्सरच्या औषधांचा डोस वजनापेक्षा शरीराच्या पृष्ठभागावरून काढला तर लहान-मोठ्यांचे डोस बरेच जुळतात. हेच पिंकेल पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले. पृष्ठभाग काढायचं प्रसिद्ध सूत्र १९१६ सालचं, ड्यू बॉय यांचं. ते अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापावर बेतलेलं. आजही बाल-कॅन्सर विभागात मुलाची उंची आणि वजन घेऊन चौरस मीटर काढतात आणि त्यावरून मिलिग्रॅम ठरतात. सुरुवात करायला ही पद्धत चांगलीच आहे. पण उंची आणि वजन सांगतात ते मूल केवढं आहे. त्याचं यकृत औषध किती वेगानं मोडतं आणि मूत्रपिंड किती वेगानं बाहेर टाकतं, हे त्यातून कळत नाही. टाकीतलं पाणी नळ किती सोडला यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच खालची तोटी किती उघडी आहे यावरही असतं.

मुलांमध्ये ही तोटी वयाबरोबर बदलत राहते. नवजात बाळाचं मूत्रपिंड पुरतं तयार व्हायला साधारण वर्ष लागतं. यकृतातली औषधं मोडणारी काही एन्झाइम्स जन्मतः जवळजवळ निद्रिस्त असतात, मग जोमानं जागी होतात आणि दोन-चार वर्षांच्या मुलात कित्येकदा मोठ्या माणसापेक्षा वेगानं काम करतात. ट्रॅमेटिनिब हे मेंदूच्या काही गाठींवरचं औषध याचं चांगलं उदाहरण आहे. चाचण्यांमध्ये मुलांच्या रक्तातली पातळी मोजत डोस ठरवला गेला. निष्कर्ष असा निघाला, की सहा वर्षांखालच्यांना दर किलोला ०.०३२ मिलिग्रॅम लागतं आणि त्यावरच्यांना ०.०२५ पुरतं. लहानग्यांना वजनाच्या मानानं जास्त! रक्त तपासलं नसतं तर हे कोणाच्याही मनात आलं नसतं. हेच औषध डॅब्राफेनिबच्या जोडीनं, बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असलेल्या मंदगती गाठींसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये एक वर्षापासूनच्या मुलांना मंजूर झालं. त्या चाचणीत ४७ टक्के मुलांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. नेहमीच्या केमोवर ११ टक्क्यांच्या.

पातळी बघून डोस बदलल्यानं मुलं खरोखर जास्त वाचतात का? याचं सर्वांत भक्कम उत्तर सेंट ज्यूडमधूनच आलं. डॉ. विल्यम इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या १८२ मुलांचे दोन गट केले. एकाला ठरलेला डोस, दुसऱ्याला प्रत्येक मुलाच्या शरीरातल्या औषधाच्या गतीनुसार बेतलेला. १९९८ मध्ये निकाल छापून आले. बी-पेशींच्या ल्युकेमियात पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेली मुलं पहिल्या गटात ६६ टक्के आणि दुसऱ्यात ७६ टक्के होती. नवं औषध एकही नाही, होती तीच औषधं. फरक फक्त मोजण्याचा. शंभरातल्या दहा घरांसाठी तो केवढा मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता नेमक्या लक्ष्यावरच्या गोळ्यांकडे येऊ. त्यांतली सर्वांत गाजलेली इमॅटिनिब. भारतात ती आणखी एका कारणानं गाजली. ‘ग्लिव्हेक’ या नावानं ती विकणाऱ्या नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. काही रक्तकर्करोगांत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि पेशीला ‘वाढत राहा’ असा अखंड हुकूम देत राहतं. इमॅटिनिब नेमकं त्यालाच गप्प करतं. मुलांच्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात असा बिघाड शंभरात तीन ते पाच जणांनाच असतो, पण तो अतिशय वाईट मानला जायचा. अमेरिकेतल्या एका चाचणीत केमोबरोबर इमॅटिनिब सतत दिलेल्या मुलांमध्ये तीन वर्षांनंतर रोगाविना असलेल्यांचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं. आधीच्या काळात ते ३५ टक्के होतं.

हे यश गोळी रक्तात किती उतरते त्यावर टिकलेलं आहे. २००७ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या ६८ प्रौढ रुग्णांचं रक्त तपासलं. पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी, म्हणजे पातळी सर्वांत खाली असताना, ज्यांच्या रक्तात दर मिलिलीटरला साधारण १००० नॅनोग्रॅमच्या वर औषध होतं, त्यांच्यात रोग रेणूंच्या पातळीवर चांगला दबलेला होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांनीही साधारण हाच आकडा दाखवला. आणि एकाच डोसवर रुग्णारुग्णांत ही पातळी कित्येक पटींनी वेगळी निघते. कोणी तीनशे-चारशेवर रेंगाळतं, कोणी दोन हजारांच्या पुढे जातं.

पातळी कमी, तर रोगाला डोकं वर काढायला आणि औषधाला न जुमानणारी पेशी तयार व्हायला वाव. जास्त, तर उलट्या, सूज, पेशींचे काउंट उतरणं. मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. वयात येण्याआधी इमॅटिनिब सुरू झालेल्या मुलांची उंची वाढण्याचा वेग मंदावतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. मोठ्या माणसाला हा प्रश्नच नसतो. पाच वर्षांच्या मुलीला पुढे वर्षानुवर्षं औषध घ्यायचं असेल, तर तिला गरजेपेक्षा एक मिलिग्रॅमही जास्त जाऊ नये, ही डॉक्टरांची आणि घरच्यांची रास्त अपेक्षा आहे.

आणि आपल्याकडे पातळी बिघडवणाऱ्या गोष्टींची कमी नाही. पहिली क्षयरोग. केमोनं प्रतिकारशक्ती खचलेल्या मुलाला टीबी झाला, की रिफाम्पिसिन सुरू होतं. हे औषध यकृतातल्या त्याच एन्झाइमला चेव आणतं, जे इमॅटिनिब मोडतं. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात रिफाम्पिसिनमुळे रक्तातलं एकूण इमॅटिनिब जवळपास तीन चतुर्थांशानं घटलं. म्हणजे मूल रोज नेमानं गोळी घेतंय, आई उलटी झाली तरी पुन्हा विचारून देतेय, आणि रक्तात पोचतंय पाव हिस्सा. मेंदूत गाठ असलेल्या मुलांना फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिलं तर तेही अशीच गडबड करतं. उलट बुरशीसाठीची व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोलसारखी औषधं हेच एन्झाइम रोखून धरतात आणि पातळी चढते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातलं आपलं पपनस आतड्यातल्या या एन्झाइमला अडवतं, म्हणून या गोळ्या चालू असताना ते टाळायला सांगतात. कोणी सुचवलेला काढा किंवा पुडी यांचं काय होतं, हे तर बहुतेकदा कोणाला ठाऊकच नसतं. म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे, आणि सांगितल्यावर आईबापांवर कोणी खेकसणार नाही, ही जबाबदारी डॉक्टरांची.

प्रत्येक गोळीचा स्वभावही निराळा. इमॅटिनिब जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं. निलोटिनिब रिकाम्या पोटी, कारण जेवणानं ते जास्त शोषलं जातं आणि हृदयाच्या ठोक्याला धोका होतो. डॅसाटिनिबला विरघळायला पोटातलं आम्ल हवं. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ते निम्म्याहूनही कमी शोषलं जाऊ शकतं. शिवाय डॅसाटिनिब रक्तात तासाभरात चढतं आणि काही तासांत उतरतं. त्याची खालची पातळी चढी राहिली, तर छातीत पाणी होण्याची शक्यता वाढते. म्हणजे इमॅटिनिबला जो आकडा उंच हवा, तोच डॅसाटिनिबला खाली हवा. ‘लेव्हल’ या एका शब्दाखाली इतक्या वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि म्हणून कागदावरचा आकडा बघून घरच्या घरी डोस कमी-जास्त करणं धोक्याचं.

कधी औषधच कमअस्सल निघतं. ल्युकेमियातलं अ‍ॅस्पॅराजिनेज हे इंजेक्शन जीवाणूपासून बनतं. ते रक्तात किती काम करतंय हे मोजता येतं. भारतात मिळणाऱ्या स्वस्त जेनेरिक कुप्यांची तपासणी झाली, तेव्हा काहींची ताकद लेबलपेक्षा कमी भरली आणि मुलांच्या रक्तातही ते उमटलं. मूल, आईबाप, डॉक्टर कोणाचीच चूक नाही. मोजलं नसतं तर हे कधी कळलं नसतं.

गोळी चुकणं हे तर सर्वांत नाजूक प्रकरण. अमेरिकेतल्या डॉ. स्मिता भाटिया यांनी ल्युकेमियाच्या मुलांना ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या बाटल्या दिल्या. झाकणात चिप होती. बाटली कधी उघडली याची ती नोंद ठेवायची. ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. ९५ टक्के म्हणजे महिन्यात फार तर एक-दोन दिवस चुकणं. प्रत्यक्षापेक्षा जास्त गोळ्या दिल्याचं सांगणारे पालकही बरेच होते. यात खोटेपणा शोधू नये. गावाहून मुंबईला येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या, घरी दुसरं मूल सोडून आलेल्या आईचा एखादा दिवस निसटतो. रक्ततपासणी इथे आईची उलटतपासणी न करता खरं काय ते सांगते. मर्कॅप्टोप्युरिनची लाल पेशींमध्ये दोन निरनिराळी उत्पादनं तयार होतात. दोन्ही कमी असली, तर गोळी पोटात जात नाहीये किंवा डोस कमी पडतोय. एक कमी आणि दुसरं भरमसाट असलं, तर मूल गोळी घेतंय, पण शरीर ती भलत्याच वाटेनं मोडतंय. पहिल्या मुलाच्या घरी समजावून सांगायला हवं, दुसऱ्याच्या औषधयोजनेत बदल करायला हवा. दोघांना सारखीच बोलणी खायला लागणं हा अन्याय आहे.

याच औषधाची गोळी भारतात ५० मिलिग्रॅमची. दोन वर्षांच्या मुलासाठी ती मोडायची, अर्धी, पाव, कधी एक दिवसाआड. तुकडे सारखे होत नाहीत, चुरा हाताला लागतो. टाटा मेमोरियल, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि बेंगळुरूची आयडीआरएस लॅब्ज यांनी मिळून याचं पातळ औषध तयार केलं. २०२४ च्या जानेवारीत ते ‘प्रिव्हॉल’ या नावानं जाहीर झालं. पिचकारीनं मोजून अर्धा मिलिलीटर दिलं, तरी डोस नेमका. पातळी मोजण्याआधी डोस नीट मोजता येणं किती मोलाचं आहे, हे अशा मुलांच्या घरी विचारावं.

लक्ष्यवेधी गोळ्यांची पातळी मोजायला लागतं काय? इमॅटिनिबसाठी औषध सुरू होऊन आठवडाभर झालेला हवा, म्हणजे रक्तातली पातळी स्थिरावते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घरी द्यायची नाही. ती डब्यात घालून रुग्णालयात न्यायची. आधी रक्त, मग नाश्ता आणि गोळी. लहान मुलाला गोळी गिळता येत नसेल, तर ती पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात विरघळवून लगेच पाजतात. एक-दोन मिलिलीटर रक्त पुरतं. प्रयोगशाळेत लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री अशी जोडयंत्रणा असावी लागते. ती मिसळलेल्या हजारो पदार्थांतून त्या एका औषधाचे रेणू वजनानं ओळखून मोजते. यंत्र महाग, पण एकदा बसलं की एकाच नमुन्यातून अनेक औषधं मोजता येतात. बोटाला टोचून कागदावर घेतलेला रक्ताचा ठिपका वाळवून टपालानं पाठवण्याच्या पद्धतीही अनेक औषधांसाठी तयार झाल्या आहेत. हाताच्या शिरा सुया टोचून टोचून थकलेल्या मुलासाठी ती केवढी सुटका असेल! रत्नागिरी किंवा नंदुरबारहून एका आकड्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही, हाही फायदा.

ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळांना कार्बोप्लॅटिन द्यायचं असेल, तर देशभरातली रुग्णालयं नमुने न्यूकॅसलच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि पहिल्या दिवसाच्या पातळीवरून पुढच्या दिवसांचा डोस ठरतो. एक चांगली प्रयोगशाळा अख्ख्या देशाला पुरू शकते, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे माणसं आणि अनुभव दोन्ही आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात फिट्सच्या औषधांची पातळी मोजण्याचं काम अनेक वर्षं चालतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीचं बुसल्फान वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मोजून देण्याची परंपरा आहे. देशभरातल्या कर्करोग केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून उभं आहे. मोठी केंद्रं लहान केंद्रांचे नमुने तपासून देतील, अशी व्यवस्था त्यातून उभी करणं अशक्य नाही, आणि ती उभी राहावी असं मनापासून वाटतं.

मर्यादाही आहेत, आणि त्या आईबापांना सांगायला हव्यात. इमॅटिनिबचा १००० चा आकडा मोठ्या माणसांवरून आला. मुलांत तो तसाच लागू पडतो, असं गृहीत धरता येत नाही. अनेक नव्या गोळ्यांसाठी असा आकडाच अजून पक्का नाही. इव्हान्स यांच्यासारखी दोन गटांची तुलना या गोळ्यांवर मुलांमध्ये करणं अवघड, कारण प्रत्येक जनुकीय बिघाडाची मुलं मोजकीच. म्हणून सुजाण डॉक्टर आकडा एकटा वाचत नाहीत. रोग किती दबला, काउंट किती, मूल जेवतं-खेळतं का, उंची वाढतेय का, हे सगळं शेजारी मांडून मगच डोसला हात लावतात. पण रोग हवा तसा दबत नसेल, नवं औषध सोबत सुरू झालं असेल, मूल कुपोषित असेल किंवा दुष्परिणाम विचित्र दिसत असतील, तर पातळी बघितल्याशिवाय ‘औषध लागू पडलं नाही’ असा शिक्का मारणं घाईचं ठरतं. त्या शिक्क्यानंतर येतो तो महागडा दुसरा इलाज किंवा प्रत्यारोपण.

नमुन्यासोबत जो फॉर्म जातो, त्यात शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, हे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. गोळीनंतर दोन तासांनी घेतलेलं रक्त ‘गोळीच्या आधी’ म्हणून नोंदलं गेलं, तर आकडा फुगतो आणि कमी पडणारा डोस भरपूर वाटतो. म्हणून औषधाच्या वहीत रोजच्या गोळीची वेळ, उलटी झाली का, किती वेळानं झाली, दुसरं कोणतं औषध कधी चालू केलं, हे आईनं लिहून ठेवलेलं असलं, की प्रयोगशाळेतल्या माणसाचं काम निम्मं झालेलं असतं. ती वही तपासणीच्या दिवशी गोळीच्या डब्याबरोबरच न्यावी.